विश्रामची बैठक

फार वर्षांपूर्वी, आपले आजोबा पोरसवदा होते तेव्हा, कुंभेखिंडीच्या घाटातून ट्रक दरीत जायचे. सगळे एकाच कंपनीचे. त्या कंपनीचा मुख्य विश्राम गावडे, याच गावचा. ट्रकची आखणी त्याची आणि कारखानाही तोच चालवायचा. असं म्हणतात, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून तो ड्रायव्हरला ताप आलाय का ते सांगायचा.

घाटाच्या मध्यावर घाटाईचं देऊळ. उतरणारा प्रत्येक ट्रक तिथं थांबायचा आणि नारबा गुरव चाकांना गार पाण्यानं आंघोळ घालायचा. मग खालच्या वळणावर ब्रेक जायचे. म्हातारी मंडळी म्हणायची, देवी कोपलीय. म्हणून आणखी घागरी आणायची. माणसं मरत होती आणि हे लोक पाणी वाढवत होते. डोकी होती यांना, पण फेटा बांधायला.

सुभद्रा घाडीचा ड्रायव्हर नवरा असाच गेला. ती थेट विश्रामच्या कचेरीत जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमची गाडी तुम्ही कधी उतरवलीत का या घाटातनं?"

कंपनीतला कुणीतरी पुटपुटला, "ड्रायव्हर प्यायला असेल."

त्याच आठवड्यात विश्राम दगडांनी भरलेला ट्रक स्वतः चालवत घाटमाथ्यावरून निघाला आणि देवळापाशी थांबला. चाकं तापून धुमसत होती.

"नारबाकाका, रोजच्यासारखं पाणी घाला. आणि मग माझ्याशेजारी बसा."

"मी? माझे गुडघे धरलेत रे."

बघायला जमलेल्या गावच्या पंचांनाही एकदम आपापली गुरं आठवली. सुभद्रा तेवढी चढून बसली. विश्रामनं तिला हात धरून खाली उतरवलं. "एका घरातलं एक पुरे, ताई."

पाणी पडलं. चर्र झालं. त्या चर्रच्या आत एक बारीक टिक् झालं, ते फक्त विश्रामला ऐकू आलं, असं म्हणतात. तरी त्यानं गाडी सोडली. वळणाच्या अलीकडेच ब्रेकचं लोखंड फुटलं. चाकांतून जाळ निघाला, दगड पाखरांसारखे उडाले. दरी समोर आली तसा त्यानं ट्रक डोंगरात घातला, आणि असं म्हणतात, डोंगरच वीतभर मागं सरला. विश्राम वाचला, पाय गेला.

नारबा धावत आला. "बघितलंस? देवीचा कोप..."

"देवीला मधे आणू नका. तापल्या लोखंडावर गार पाणी तुम्ही घातलंत. आणि तुम्ही ते घालणार, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ते सोसणारं लोखंड मी बनवलं नाही."

त्यानं कारखाना बंद ठेवला, विकलेला एकेक ट्रक परत बोलावला आणि नवं लोखंड बसवूनच सोडला. त्यानंतर दरीत एकही ट्रक गेला नाही. म्हाताऱ्यांनी त्याचं श्रेय जादा घागरींना दिलं.

पण गावानं एक रीत धरली. काहीही नवं बांधलं की बांधणाऱ्यानं आधी आपला जीव त्याखाली ठेवायचा. त्याला विश्रामची बैठक म्हणतात. पाण्याची टाकी पहिल्यांदा भरते तेव्हा मिस्त्री खाली बसलेला असतो.

गेल्या साली ओढ्यावर पूल झाला. त्यावर वाळूनं भरलेला डंपर उभा केला, पुलाखाली सतरंजी अंथरली आणि सरपंच आणि कंत्राटदाराला म्हटलं, बसा.

सतरंजी अजून रिकामी आहे. आम्ही ओढ्यातूनच जातो.