राजासाठी विणलेलं सूप

राजा दुर्जयसिंहानं दवंडी पिटवली: ज्याची नाळ करंजनगरच्या मातीत पुरलेली नाही, त्यानं अमावास्येच्या आत नदीपलीकडं चालतं व्हावं!

झालं होतं असं, की राजवाड्यात मेजवान्या झडून झडून कोठारांचा तळ दिसायला लागला. प्रधान बाबाजीपंत राजाला म्हणाला, परक्यांनी खाल्लं. राजाला ते पटलं. पटणारच. आपल्या पोटाकडं बघण्यापेक्षा दुसऱ्याच्या ताटात डोकावणं केव्हाही सोपं.

दवंडी ऐकून सारजाच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली. तिचा नवरा इरय्या बुरूड. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा बापाचं बोट धरून नदी ओलांडून आलेला. तेव्हापासून गावातली सुपं, टोपल्या, पाळणे त्याच्याच हातचे. लग्न इथलं, तीन लेकरं इथली. पण नाळ पलीकडची!

शिपाई दारात आले. म्हणाले, कायदा दयाळू आहे, बायको-पोरं इथंच राहू देत, एकट्या बुरडानं जावं. दया म्हणे! सारजानं पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, बाप तिकडं आणि लेकरं इकडं? टोपलीचं बूड काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं, टोपली ठेवा तुम्हाला?"

प्रधान खेकसला, की बुरडाच्या बाईनं राजाला अक्कल शिकवू नये. राजाला मात्र गंमत सुचली. मिशीला पीळ देत तो म्हणाला, "बाई, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पुन्हा जन्माला ये. इथं, या मातीत. नाळ इथं पूर, मग खुशाल राहा."

दरबार खो खो हसला. पगार हसण्याचाच मिळत होता त्यांना.

"हा नियम सगळ्यांना?" सारजानं विचारलं.

"रावापासून रंकापर्यंत. राजाचा शब्द आहे!"

सारजा परत निघाली. पाय चालत होते, डोकं बधिर झालं होतं. वेशीजवळ एक बैलगाडी अडवलेली दिसली. गाडीत पाटलांची सून, दिवस भरत आलेली. पहिलटकरीण, म्हणून तिचा बाप तिला न्यायला आलेला. माहेर नदीपलीकडं, पण तिची स्वतःची नाळ इथंच, आजोळी पुरलेली. पहारेकरी सांगत होता, जायचं तर जा, पण मूल तिकडं झालं तर परत आत घेणार नाही. पाटलीणबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

सारजा जागच्या जागी थांबली. मग तोंडाला पदर लावून इतकी हसली, की पहारेकऱ्याला वाटलं, बाईला वेड लागलं.

घरी येऊन ती इरय्याला म्हणाली, "अहो, दोन सुपं विणा. एवढी मोठी, की त्यात बाप्या माणूस निजला पाहिजे."

"अगं, इथं माझं गाठोडं बांधायची वेळ आली आणि तुला सुपं सुचतात?"

"गाठोडं कुणाचं बांधायचं ते बघू. तुम्ही बांबू तासा."

दुसऱ्या दिवशी दोन प्रचंड सुपं दरबारात आली. सारजानं दोन्हींत मऊ गोधड्या अंथरल्या, धुरीचं खापर पेटवलं, ओव्याचा वास दरबारभर पसरला. कोपऱ्यात घुटीची सहाण मांडली. सरदार तोंड वासून बघत राहिले.

"हे काय?" राजानं विचारलं.

"बाळंतिणीची खोली, महाराज. तुमच्याच हुकुमानं. जन्मलेलं मूल आधी सुपात घालतात ना? माझा नवरा दारात थांबलाय, जन्माला यायला. पण आधी मान राजाचा. निजा."

राजा लाल झाला. "मी? मी या मातीचा धनी आहे!"

"असाल. पण तुम्ही राजमातेचे थोरले ना? मग पहिलं बाळंतपण कुठं झालं?"

"कुठं म्हणजे? राजवाड्यात!" प्रधान मध्येच बोलला. आपण कुठं आणि कसे जन्मलो, याची कुठल्या बाप्यानं कधी चौकशी केली आहे?

चिकाच्या पडद्यामागून राजमातेचा आवाज आला. "पहिलटकरणीला सासरी ठेवायला माझे आईबाप काय मेले होते, बाबाजीपंत? दुर्जय अमरापूरला झाला, नदीपलीकडं, माझ्या आईच्या खोलीत. नाळ तिथल्या कवठाखाली पुरली. आणि युवराजही त्याच्या आजोळीच झाला, तेव्हा तू पेढे खाल्लेस, ते विसरलास?"

सारजा प्रधानाकडं वळली.

"पंत, तुम्ही थोरले की धाकटे?"

प्रधान खांबाआड सरकला. त्याच्या मागं दोन सरदार आधीच दडले होते. तेही थोरलेच.

"मग आता काय करायचं म्हणतेस?" राजानं खालच्या आवाजात विचारलं.

"दोनच वाटा आहेत, महाराज. सुपात निजून टाहो फोडायचा, घुटी चाटायची आणि इथं नव्यानं जन्माला यायचं. नाहीतर अमावास्येला माझ्या नवऱ्याबरोबर नदी उतरायची. त्याला उतार ठाऊक आहे, तुम्हाला बुडू देणार नाही. धाकटे राजपुत्र राहतील इथंच. कायदा दयाळू आहे!"

राजानं सुपाकडं बघितलं. आपल्या पोटाकडं बघितलं. ते पोट सुपात कसं मावेल, हे डोळ्यांपुढं आलं, आणि तो असा हसत सुटला, की मुकुट घरंगळून थेट गोधडीवर पडला.

"घ्या! मुकुट तर जन्मला!" राजमाता म्हणाली.

राजानं हुकूम तिथल्या तिथं रद्द केला, सगळ्यांसाठी. सारजाला जरीचं लुगडं आणि सोन्याचे गोठ दिले, इरय्याला राजवाड्याचं बुरूडकाम कायमचं लावून दिलं. आणि सारजाच्याच मागणीवरून, हुकूम रद्द झाल्याची दवंडी गल्लोगल्ली पिटायला गळ्यात डफ अडकवून खुद्द बाबाजीपंताला धाडलं.

सुपं मात्र राजमातेनं ठेवून घेतली. म्हणाली, "पुन्हा कुणाच्या डोक्यात असलं काही शिरलं, तर जवळ असावीत."