एक्केचाळिसाव्या मशीनवर

टक्.

नेटवर्कची केबल खाचेतून निघताना एवढाच आवाज होतो. तो मी ऐकला त्याला आता सोळा वर्षं झाली.

"केबल का काढलीत, सर?" वैदेही शिरगुप्पेनं विचारलं.

मणेरसरांनी केबलचं टोक हातात तसंच धरलं होतं.

"लाईट गेली असती, तर तिलाही विचारलं असतंस?"

वैदेही पडद्याकडं बघत होती. इतका वेळ भराभर वर सरकणाऱ्या ओळी थांबल्या होत्या. शेवटच्या ओळीत आकडा होता, एक्केचाळीस.

टेकडीवरच्या मठाचं तंत्रनिकेतन होतं ते. मी शिपाई, कॉम्प्युटर हॉलच्या दाराशी बसायचो. आत शहाण्णव मशिनं, सगळी लिनक्सवर चालणारी. हॉल याकूब मणेर सांभाळायचे आणि वैदेही त्यांच्या हाताखाली शिकत होती. चार महिन्यांत ती पुष्कळ शिकली होती. तिला स्वतःलाही तसं वाटत होतं.

त्या दिवशी दोन वाजता परीक्षा होती. त्याआधी प्रत्येक मशीनला नवा मुख्य पासवर्ड बसवायचा होता, आणि प्रत्येकाचा वेगळा. हा पासवर्ड ज्याच्याकडं, मशीन त्याच्या हातात. परीक्षेचा प्रोग्रॅम चढवायलाही तोच लागायचा.

सर हे काम हातानं करत. आधी चिठ्ठीवर पासवर्ड लिहायचा. चिठ्ठी पाकिटात, पाकिटावर सही, पाकीट कपाटात. मग मशीनपुढं बसायचं. सगळा हॉल व्हायला दोन दिवस जात. वैदेही त्यांच्या माघारी त्यांना पाकीटवाले सर म्हणायची. सरांना ते माहीत होतं.

तिनं स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. एकदा चालू केली की ती आपली आपण एकेका मशीनमध्ये जुना पासवर्ड घालून शिरणार, नवा तयार करणार, बसवणार, आणि पुढच्या मशीनकडं वळणार. सगळं मिळून नऊ मिनिटं.

हे जमलं तर मठाच्या दवाखान्यातली चारशे मशिनं सोमवारपासून तिच्याकडं येणार होती. सेक्रेटरींनी तसं कबूल केलं होतं. मणेरसरांनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

"लावा ती परत," वैदेही म्हणाली.

सरांनी केबल लावली. ओळी पुढं सरकल्या नाहीत, स्क्रिप्ट मधेच बंद पडली होती.

"आता सात नंबरमध्ये शिर."

तिनं जुना पासवर्ड घातला. मशीननं घेतला नाही.

"नवा घाल."

"नवा... यादीत आहे."

"मग यादी बघ."

तिचे हात कीबोर्डवर होते. ते हलले नाहीत.

"यादी शेवटी लिहिली जाते, सर. सगळी मशिनं झाली की एकदम."

"शेवट झाला?"

"नाही."

"म्हणजे या एक्केचाळीस मशिनांचे पासवर्ड आत्ता कुणाला ठाऊक आहेत?"

तिनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "कुणालाच नाही."

घड्याळात अकराला पाच कमी होती.

तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"तीन मशिनांवर मी चौदा वेळा चालवून बघितली होती. एकदाही अडली नाही."

"कुठं?"

"घरी."

"घरी लाईट जात नाही?"

"इन्व्हर्टर आहे."

सरांनी केबलची खाच बोटानं दाबून बघितली.

"तुम्ही मुद्दाम केलंत हे," ती म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी. तुमची पाकिटं टिकावीत म्हणून."

"पाकिटं सोमवारी चुलीत घाल. मी काडी देतो."

"मग का केलंत?"

"काल तुला विचारलं होतं, मधेच थांबलं तर काय. तू काय म्हणालीस?"

तिनं मान खाली घातली. "थांबणार नाही, म्हणाले."

"हं."

"पण एक्केचाळीस, सर? पाच मशिनांवर काढली असतीत तरी मला कळलं असतं."

"पाच असती तर तू हसत हसत नीट करून टाकली असतीस."

"मग पंच्याण्णव होईपर्यंत तरी का थांबला नाहीत?"

"मशीन बंद करायचं, चालू करायचं, सुरू होता होता अडवायचं, हातानं पासवर्ड बदलायचा. ही जुनी मशिनं. एकाला आठ मिनिटं. आपण दोघं." सरांनी घड्याळाकडं पाहिलं. "आणखी चार-पाच झाली असती, तर आपल्याला दोनच्या आत जमलं नसतं."



सरांनी खुर्ची ओढली आणि एक नंबरपुढं बसले. जरा वेळानं तीही उठली आणि स्टूल घेऊन दोन नंबरपुढं गेली. मशीन बंद करायच्या आधी तिनं कागद घेतला आणि त्यावर काहीतरी लिहिलं. सरांनी ते बघितलं नाही, की बघून न बघितल्यासारखं केलं, मला सांगता येणार नाही.

सव्वाअकराला सेक्रेटरी आले. बसगोंडा पाटील त्यांचं नाव, सगळे आण्णा म्हणत. मी उठून उभा राहिलो. ते दारातूनच बोलले.

"काय गं पोरी, नऊ मिनिटं म्हणाली होतीस. सकाळधरनं नऊच चाललीत होय?"

वैदेही उभी राहिली.

"एक्केचाळीस मशिनं अडकलीत, आण्णा."

"अडकलीत म्हणजे?"

"त्यांचे पासवर्ड कुणाकडं नाहीत."

आण्णांचं हसू गेलं. ते आत आले.

"कुणी अडकवली?"

तिनं सरांकडं पाहिलं. सर पाठमोरे होते, टाइप करत होते. केबल सरांनी काढली, एवढं एक वाक्य ती बोलू शकली असती. खोटं ठरलं नसतं. मी स्वतः बघितलं होतं.

हॉलमध्ये सरांच्या बोटांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"मी," वैदेही म्हणाली. "पासवर्ड आधी लिहून ठेवायचे, मग बसवायचे. मी आधी बसवले."

"दोन वाजता पोरं येणार आहेत. एकशे नव्वद पोरं, दोन पाळ्यांत. ती काय पडद्याला नमस्कार करून घरी जातील?"

"पावणेदोनला होतील सगळी. उरलेल्यांवर जुना पासवर्ड अजून चालतो."

"नाही झाली तर?"

"तर विद्यापीठाला माझं नाव कळवा."

आण्णा तिला सोडून सरांच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले.

"मणेर, दवाखान्याचं मला आज सांगायचंय. कोल्हापूरचा एक माणूस तयार आहे. बोलावू का त्याला?"

"नको. हिच्याकडं द्या."

"आज? हे असं झाल्यावर?"

सरांनी हातातली ओळ पूर्ण केली. एंटर दाबलं.

"आण्णा, चार महिने या हॉलमध्ये भिणारा मी एकटाच होतो. आजपासून दोघं आहोत."

वैदेहीनं स्टूल उचललं, आणि ती चार नंबरकडं निघून गेली.