पाच टक्क्यांचा पैलवान

"पण किती टक्के, हे तुम्ही विचारलंत का, वस्ताद?"

रणधीर तालमीत कुस्तीच्या हौद्याच्या काठावर उभा होता. तांबड्या मातीला अजून पाय लागला नव्हता, पण तळपायाची आग मात्र मस्तकाला पोचली होती.

आण्णाप्पा वस्ताद खोऱ्याने माती उकरत राहिले.

"काल पिलास का, एवढंच इचारलं मी."

"प्यालो. लपवतोय का मी?"

"न्हाई."

"मग?"

वस्तादांनी मातीत ताक ओतलं.

या तालमीचा एक दंडक होता. आदल्या दिवशी ज्याने दारूला तोंड लावलं असेल, त्याने उंबऱ्याच्या आत यायचं नाही. दारात कुणी अडवायला बसत नसे, तोंडाचा वास घेत नसे. ज्याचं त्याने ओळखून बाहेर थांबायचं.

काल एका दोस्ताच्या हळदीला रणधीर होता आणि तालमीतलाच सिदूही होता. सिदू पहाटेपासून दाराबाहेरच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसला होता. रणधीर मात्र त्याच्यासमोरून सरळ आत आला होता.

चैत्रातल्या जत्रेच्या मोठ्या कुस्तीला तालमीकडून एकच पैलवान जायचा होता, आणि नाव आज ठरायचं होतं. वर्षभर रणधीरने दुसरं स्वप्न पाहिलं नव्हतं. असल्या दिवशी त्याला आणि त्या सिदूला एका दावणीला बांधायचं, म्हणजे अन्यायच की.

"वस्ताद, बिअर बिअर म्हणून सगळी एकच नसते. मी पुण्यात काढलीत दोन वर्षं, जिथं बिअर बनवतात त्या हॉटेलात. मी घेतली ती गव्हाची. पाच टक्के. तीही चवीपुरती. हा बाहेर बसलाय ना, त्यानं स्ट्रॉंग ढोसली. आठ टक्के."

"आसं?"

"लोकांना तर काही कळतच नाही. काळी बिअर बघितली की घाबरतात. ती काळी चार टक्क्यांची असते, आणि पिवळीधमक दिसणारी स्ट्रॉंग तिच्या दुप्पट. परदेशात तर दहा-बारा टक्क्यांचीही मिळते. रंगावरून काही ठरत नाही. आकडा बघावा लागतो."

वस्ताद खोरं टेकवून ऐकत होते. मनापासून ऐकत होते, आणि त्यानेच रणधीर जास्त पेटला.

"आणि तुम्ही म्हणता, सब घोडे बारा टक्के."

"मी कुटं काय म्हणलो?"

"न म्हणताच म्हणताय. रोज आल्या आल्या कपाळाला लावायला माती देता. आज दिली नाहीत."

…

रणधीरची धुतलेली पुणेरी भाषा आता गळून पडली. "कुस्तीत एक खांदा टेकला तर हार धरत्यात का, वस्ताद? न्हाई धरत. दोन्ही टेकाय लागत्यात. तुमीच शिकवलंय. मग पाच टक्क्याला हार कशी?"

वस्तादांनी मान हलवली.

"बरोबर हाय तुजं. न्हाई धरत."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने हो म्हटलं की त्याची मोठी पंचाईत होते.

वस्ताद वाकले. हळद आणि तेल मुरलेली माती ओंजळीत घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

"घे. लाव कपाळाला."

रणधीरचा हात वर आला आणि मध्येच थांबला.

"परीक्षा बघताय माझी?"

"न्हाई. माती देतोय."

…

बाहेर सिदूने मान वर केली नव्हती. रणधीरला त्याचाही राग आला. कुणी सांगितलं होतं याला असं बसायला? दोन पावलं टाकून आत आला असता तर कुणी धरलं होतं? तिथे बसून बसून त्याने एका माणसाला चोर ठरवलं होतं.

रणधीरने माती चिमूटभर घेतली नाही, मूठभर घेतली. कपाळभर फासली. थोडी डोळ्यात गेली, तरी डोळा चोळला नाही.

"झालं?"

"झालं," वस्ताद म्हणाले.

त्यांनी हात झटकले, खांद्यावरच्या पंच्याने पुसले आणि दाराकडे निघाले. गुडघा धरत उंबरा ओलांडला आणि कट्ट्यावर सिदूच्या शेजारी जाऊन बसले. सिदू गडबडीने उठायला लागला. वस्तादांनी त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

रणधीर हौद्यापाशी एकटाच उरला. तो दाराकडे वळून ओरडला.

"आठ टक्केवाल्याच्या शेजारी जाऊन बसता? आणि मी हितं माती लावून हुबा?"

…

"बोला की, वस्ताद. आत मी एकटाच हाय. मग जत्रंला मीच जाणार का न्हाई?"

वस्ताद कट्ट्यावर थोडे सरकले. मोकळ्या झालेल्या दगडावरची धूळ त्यांनी पंच्याने झाडली.

"जत्रा लांब हाय, रणधीर. आदी हितवर ये."