पळीभर काढा

लग्नानंतर मी एक व्रत धरलं होतं. मागितलेलं मधेच पदरात पडलं. शेजारणी म्हणाल्या, "आता कशाला गं उपास?" पण मी उद्यापन करूनच ते सोडलं. तेव्हापासून कुठलंही व्रत पुरं झालं की मी ही कहाणी सांगते. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी.

फार फार वर्षांपूर्वी नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथे एक कोष्टीण राहायची. तिला एकुलती एक लेक. आई मागावर बसली की लेक शेजारी बसून गायची. तिचा आवाज ऐकायला पाणवठ्यावरच्या बाया घागरी खाली ठेवायच्या.

एका वर्षी गावात घशाचा ताप आला. लेकीला पाणीही गिळवेना. वैद्यबुवांनी डोंगरातल्या मुळीचा कडू काढा दिला. म्हणाले, "अमावास्येला सुरू कर, पौर्णिमेला संपव. मधे बरं वाटलं तरी थांबू नकोस."

अष्टमीलाच ताप उतरला. लेक म्हणाली, "आई, पुरे ना आता! भातसुद्धा कडू लागतो मला."

आईला दया आली. निम्मा काढा उरला होता. एवढं गुणाचं औषध, टाकवेना. तिनं भांडं देवघरात नेऊन ठेवलं, वर तुळशीचं पान घातलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी आली. "अगं, माझा नातू शिंकतोय. पळीभर दे की त्यातलं."

"काकू, नुसत्या शिंकांना कशाला?"

"तीर्थ घेताना कोणी आजार विचारतं का?"

झालं! आळीभर बातमी पसरली. कुणाचं पोट दुखे, कुणाचे गुडघे. घशाचा ताप उतरत आलेलेही आले. कोष्टीण प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर काढा घाली, लोक तो पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवीत. सगळ्यांना वाटलं, पुण्य घडलं.

पुढच्या महिन्यात ताप परत आला. आधी म्हातारीच्या नातवाला, मग लेकीला. या वेळी कोष्टिणीनं त्याच मुळीचा नवा काढा आणला, थेंबभरही चुकवला नाही. ताप मात्र हलेना. लेकीचा श्वास घरघरू लागला.

"बुवा, मुळीतला गुण गेला का हो?"

"मुळी तीच आहे. ताप तो राहिला नाही." वैद्यबुवा अंगणाकडे बघत म्हणाले, "तू तण उपटतेस ना? आधी हाताला काय येतं?"

"कोवळं."

"आणि तू अर्ध्यातच उठलीस तर?"

"चिवट मुळांचं राहील. मग त्याचंच बी सगळीकडे पडेल."

"डोळ्यांना न दिसणारे जीव हा ताप आणतात. त्यांच्यातही काही कोवळे, काही चिवट."

"म्हणजे काढ्यानंच त्यांना चिवट केलं?"

"नाही बाई. थोडे चिवट आधीपासूनच होते, गर्दीत दबलेले. पळीपळीनं आपण कोवळे तेवढे मारले आणि चिवटांना अंगण मोकळं करून दिलं. आता त्यांची लेकरं त्यांच्यासारखीच."

कोष्टिणीनं देवघरातलं रिकामं भांडं उचललं, वरचं तुळशीचं पान काढून टाकलं.

वैद्यबुवांनी डोंगरापलीकडून दुसरी मुळी आणवली. ती देताना म्हणाले, "हीसुद्धा हरली, तर माझ्याकडे दुसरं काही नाही." नातवानं आणि लेकीनं तो काढा सांगितल्या दिवसापर्यंत घेतला. दोघंही वाचली. लेकीचा गाता आवाज मात्र गेला तो गेलाच. माग चालू राहिला, गाणं थांबलं. पहिली मुळी त्या गावात पुन्हा कुणाला लागू पडली नाही.

पुढे गावात कुणी आजारी पडलं, जरा बरं वाटताच "पुरे" म्हणालं, की लेक येऊन त्याच्या उंबऱ्यावर बसे. घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणे, "अजून संपलं नाही." तो आवाज ऐकला की माणूस मुकाट्यानं वाटी तोंडाला लावी. दुसरी मुळी त्या गावात अजून गुण देते.

तात्पर्य: अर्ध्यावर सोडलेलं आणि नको तिथे वाटलेलं औषध रोगातल्या चिवटांनाच वाढवतं.

बायांनो, बापांनो, मुलांनो, माझं एवढं मागणं ऐका. वैद्यानं दिलेलं औषध व्रतासारखं धरा. ज्याचं त्यानं घ्या, सांगितलं तितकं घ्या आणि उद्यापन झाल्यावरच उठा.