उन्हाचा उतारा

एका माळावर, जिथे जंगल संपते आणि गिरजाक्काची पोल्ट्री सुरू होते तिथे, एक म्हातारी गावरान कोंबडी राहत असे. पोल्ट्रीतली पांढरी पिल्ले खोक्यांतून आलेली, आईचे तोंड कुणी पाहिलेले नाही. म्हातारी जाळीच्या भोकातून आत शिरे आणि सगळ्यांची आज्जी होई. पाचशेच्या पाचशे पिल्ले आपल्या एका पंखाखाली मावतात, असे ती सांगत असे. मोजायला कुणी गेले नव्हते, म्हणून ते खरेच धरायचे.

त्या वर्षी ऊन असे पडले, की माळावरचे धोंडे सरकत सरकत बाभळीखाली जाऊन बसले. पिल्ले चोची वासून धापा टाकू लागली. गिरजाक्काने तालुक्याहून औषधाचा पुडा आणला आणि त्यावरचे मोठ्याने वाचले, "क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, जस्त, सेलेनियम..." मग चमचाभर केशरी पूड पाण्यात ढवळत ती म्हणाली, "प्या रे सोन्यांनो! उन्हानं अंग आतून गंजतं, त्यावर हा उतारा."

'उतारा' ऐकताच म्हातारीची पिसे उभी राहिली. तिचे बालपण गावच्या तीन वाटांच्या तिकाटण्यावर गेले होते. तिथे लोक दृष्ट काढत, मंत्र पुटपुटत आणि लिंबू, भात, कुंकू ठेवून मागे न बघता निघून जात. त्या उताऱ्याला जो तोंड लावील त्याला दुसऱ्याची पीडा लागते, हे तिच्या आईने तिला ती अंड्यात असल्यापासून बजावले होते. इथे तर मंत्र झाला होता, रंग होता, वर लिंबासारखा वासही! "खबरदार! एकानंही चोच लावायची नाही," ती ओरडली. आज्जीचा शब्द तो! पाचशे चोची मिटल्या. दुपारी साधे पाणी मिळे, तेवढेच पिल्ले पीत. गिरजाक्का कपाळावर हात मारून घेई आणि केशरी पाणी बाहेरच्या घमेल्यात ओतून देई.

तिसऱ्या सकाळी केशरी पाणी पुन्हा आले, आणि सगळ्यांत लहान, लंगडे पिल्लू भुश्यावर आडवे झाले. "आज्जी, आत जळतंय गं," ते म्हणाले.

जाळीबाहेर घमेल्याच्या काठावर एक कावळा बसला होता. तो म्हणाला, "आज्जीबाई, दोन दिवस मी हेच पितोय. पंख बघा कसे चकाकतात!"

"मेल्या, तू जन्मभर उतारेच खाल्लेस. तुला कसली पीडा लागणार? तूच पीडा!"

"बरं, मीच पीडा. पण ते पिल्लू काय पिणार? तुमचा शब्द?"

म्हातारीने पिल्लाकडे पाहिले, मग भांड्याकडे. ती भांड्यापाशी गेली. "पीडा असलीच तर आधी माझ्या मानगुटीवर बसू दे," असे म्हणून तिने डोळे मिटले आणि एक घोट घेतला.

पाचशे पिल्ले धापा टाकायची थांबली. "आज्जी, काय झालं?"

"काही नाही," म्हातारी एक डोळा उघडून म्हणाली. "जरा आंबट आहे." तिने आणखी एक घोट घेतला. "आणि मेलं गारही आहे!"

मग तिने चोचीचोचीने लंगड्या पिल्लाला पाणी पाजले. बाकीची भांड्यांवर तुटून पडली. ऊन कलता कलता पिल्लू उठून बसले आणि आधी आज्जीच्या पाठीवर चढले. दुसऱ्या दिवशी गिरजाक्का भांडे घेऊन आली, तेव्हा म्हातारी सगळ्यांच्या पुढे उभी होती. "ढकलाढकली करू नका रे! उतारा आधी आज्जीला!"

तात्पर्य : ज्या गोष्टीची भीती आपण लाडक्यांना घालतो, ती खरी आहे का, हे आधी आपण स्वतः धीर करून पाहावे.