हातभर बाहेरचा चेंडू

एकदा एका नामांकित टेनिसपटूवर अशी वेळ आली, की तिला साधे वीस चेंडू सलग खेळवता येईनात. समोर कोणी जगज्जेती नव्हती. समोर होते गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, शहात्तर वर्षांचे एक निवृत्त न्यायाधीश. पण हे नीट सांगायचे, तर थोडे मागून सांगायला हवे.

मंजिरी आरवाडे सतरा वर्षे व्यावसायिक टेनिस खेळली. नजर अशी तल्लख, की समोरचीने रॅकेट उचलताच चेंडू कोठे पडणार हे तिला कळे. समोरची डावीकडे असली, की मंजिरीचा चेंडू उजव्या कोपऱ्यात जाऊन पडलेला असे. छत्तिसाव्या वर्षी खांदा कायमचा दुखावला आणि तिने खेळ सोडला. पुढच्याच वर्षी तिच्या वडिलांना, अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. आई केव्हाच गेलेली. मंजिरी चंबूगबाळे आवरून सांगलीला परत आली.

अप्पा म्हणजे हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवलेला गप्पिष्ट माणूस. मंजिरी लहान असताना तिच्या स्पर्धांना गावोगाव तेच बरोबर जात, आणि डब्यातल्या सगळ्या प्रवाशांशी ओळख करून घेत. आता त्यांना एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढावा लागत होता. डॉक्टरांनी बजावले होते, "त्यांना बोलतं ठेवा. बोलायचं सोडलं, तर आहेत ते शब्दही जातील."

मंजिरी कंबर कसून कामाला लागली. कष्टाचे तिला काय! सकाळ-संध्याकाळ ती अप्पांसमोर खुर्ची टाकून बसे. पण होई असे, की अप्पा "आज... मला..." म्हणेपर्यंत ती विचारी, "चहा हवा? की उन्हात बसायचंय?" आणि ते मान हलवण्याआधी चहा समोर हजर. एकदा अप्पा मोठ्या प्रयासाने म्हणाले, "मद्रास... तू... जिंकलीस."

"हरले होते, अप्पा!" मंजिरी लगेच म्हणाली. "सरळ दोन सेटमध्ये. आठवा बरं नीट."

अप्पांनी तिच्याकडे पाहिले आणि तोंड खिडकीकडे वळवले. दोन महिन्यांत ते नुसत्या हो-नाहीवर आले. मग तेही मानेनेच सांगू लागले. आपण एवढे करतो आहोत आणि अप्पा हातातून निसटत चालले आहेत, हे मंजिरीला दिसत होते. का, ते मात्र उमगत नव्हते.

सकाळचा तासभर शेजारच्या काकू अप्पांजवळ बसत. तेवढ्या वेळात मंजिरी जिमखान्यावर जाई आणि कोर्टाच्या कडेच्या बाकावर नुसती बसून राही. तिथे तातोबा नावाचे वृद्ध मार्कर होते. ज्या सभासदाला जोडीदार मिळत नाही, त्याच्यासमोर उभे राहून त्याला खेळवायचे, हे मार्करचे काम. तातोबांनी ते चाळीस वर्षे केले होते. मंजिरीच्या हातात पहिली रॅकेटसुद्धा त्यांनीच दिली होती.

त्या दिवशी तातोबा न्यायाधीश इनामदारांबरोबर खेळत होते. इनामदारांचा एक चेंडू रेषेच्या चांगला हातभर बाहेर पडला. तांबड्या मातीवर त्याचा ठसा लख्ख उमटला. मंजिरी सवयीने ओरडली, "आऊट!"

तातोबांनी ऐकले न ऐकलेसे केले. चेंडू परतवला, जाता जाता कॅनव्हासच्या बुटाने तो ठसा पुसून टाकला, आणि खेळ चालू राहिला. इनामदार घामाघूम होऊन आनंदाने घरी गेले.

मंजिरीला राहवेना. "मामा, तो चेंडू हातभर बाहेर होता."

"होता की."

"मग खेळलात का?"

तातोबा हसले. "उद्या साहेबांबरोबर तुम्ही खेळा, ताई. खांद्याची काळजी नको, हळूच खेळायचंय. वीस चेंडू न थांबता चालले पाहिजेत, एवढंच. मग बोलू."

वीस चेंडू! तिला हसूच आले.

दुसऱ्या दिवशी ती कोर्टावर उतरली. तीन चेंडू छान गेले. चौथा इनामदारांकडून उंच, संथ आला. आणि तिला कळायच्या आत तिचे अंग वळले आणि चेंडू दूरच्या कोपऱ्यात सणसणत गेला. "वा! काय फटका!" इनामदार जागेवरूनच म्हणाले. पुन्हा सुरुवात. या वेळी सहा. मग नऊ. मेंदू सांगत होता एक आणि हात करत होता भलतेच. चौथ्या वेळी एक चेंडू बाहेर पडला, तेव्हा "आऊट" हा शब्द तिच्या तोंडून निसटलाच. इनामदारांनी रॅकेट काखेत धरली.

"तू खेळ, बाळ," ते सौम्यपणे म्हणाले. "मी जरा टेकतो." आणि लंगडत बाकावर जाऊन बसले.

मंजिरी कानकोंडी होऊन उभी राहिली. तातोबा नेटपाशी आले.

"ताई, समोरचा जिथं नाही तिथं चेंडू टाकायचा, हा तुमचा खेळ. तो तुम्ही जन्मभर चोख खेळलात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. माझं काम निराळं. समोरचा जिथं आहे, तिथं चेंडू द्यायचा. त्याचा गुडघा कसा आहे, हात कुठवर पोचतो, ते आधी बघायचं. चेंडू द्यायचा आणि थांबायचं. काल मी आऊट म्हटलं असतं, तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं आणि साहेब बाकावर जाऊन बसले असते. मी इथं पंच नाही. साहेब उद्या परत आले पाहिजेत, एवढंच बघतो मी."

मंजिरीने बाकाकडे पाहिले. इनामदार तोंड फिरवून रस्त्यावरची रहदारी बघत होते. हे तोंड फिरवणे तिने कोठे पाहिले होते, ते तिला तत्क्षणी आठवले. तिचे डोळे भरून आले.

"मामा," ती म्हणाली, "आज संध्याकाळी मी घरीच खेळून बघते."

संध्याकाळी अप्पा खिडकीशी बसले होते. मंजिरी शेजारी बसली आणि एकच वाक्य बोलली. "अप्पा, मद्रासला ऊन फार होतं, नाही?"

आणि ती थांबली. शेजारच्या घरात कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. तिच्या जिभेवर चार वाक्ये येऊन बसली होती. ती तिने गिळली. आयुष्यात एवढी दमछाक तिची कोणत्याही सामन्यात झाली नव्हती.

"ऊन..." अप्पा म्हणाले. "फार."

"हो. मग?"

"तू... जिंकलीस."

चेंडू स्पष्ट बाहेर होता. मंजिरीने मनातल्या मनात तो ठसा पायाने पुसला. "कशी जिंकले, अप्पा?"

अप्पा वळले. कितीतरी दिवसांनी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले.

"स्टेशनवर... इडल्या. सहा... खाल्ल्यास."

"सहा?"

"सात." ओठांचा एक कोपरा हलला. "मी... घाबरलेला. पोर... हरली. आता... खेळ... सोडेल." बराच वेळ गेला. मंजिरी हलली नाही. "तू... गाडीत... झोपलीस. गाढ. मग... माझी काळजी... गेली. म्हणून... जिंकलीस."

ती हरली होती, हे अप्पा कधीच विसरले नव्हते. दोन महिने ते तिला हेच सांगू पाहत होते आणि ती पहिल्याच चेंडूला 'आऊट' म्हणून हात वर करत होती. मंजिरीला रडू आवरेना. अप्पांनी चांगला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"घोरत... होतीस."

'मुळीच नाही,' हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होते; सामना तिथेच संपला असता. तिने नाक पुसले आणि विचारले, "फार का?"

"फार!" अप्पा म्हणाले, आणि घशातल्या घशात हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातोबा कोर्टावर पाणी मारत होते. मंजिरीला येताना पाहून त्यांनी विचारले, "काय ताई, झाले का वीस?"

"मोजायचं राहूनच गेलं, मामा," मंजिरी म्हणाली.

तातोबांनी मान डोलावली आणि पाण्याची नळी पलीकडच्या कोपऱ्याकडे वळवली.