वडावरचा आकडा

दोन शहरांना जोडणारा राज्य महामार्ग अजून अरुंद होता, तेव्हाची गोष्ट. एका साध्यासुध्या सकाळी माणसं आली आणि कडेच्या वडावर पांढऱ्या रंगाने ‘४१२’ लिहून गेली.

“का रे मैलोबा, आकडे काय तुझ्याच कपाळी?” वड शेजारच्या मैलाच्या दगडाला हसून म्हणाला. “सांग, चारशे बारा मैलांवर कुठलं गाव?”

असाच आकडा पडलेली चिंच आठवड्यात तोडलेली दगडाने पाहिली होती.

“लांबचं आहे, वडदादा,” एवढंच तो बोलला.

पुढे रस्ता आठपदरी झाला. दोन्ही शहरं एकमेकांना भिडली. गाड्यांचा तो अखंड लोंढा पाहून दगड थक्क झाला. डोक्यावर एवढं मोठं आकाश त्याने कधीच पाहिलं नव्हतं.

वडाला खरं सांगायचं राहूनच गेलं.